पांढरकवड्याची पंक्चर टीम

आमच्या क्लबचा इतिहास लिहून काढायचा, असं आजवर तीनदा ठरलंय. तिन्ही वेळा वही आणली, चहा मागवला, आणि पहिली ओळ लिहायच्या आत कोणीतरी म्हणालं, "अन् ते ओव्हरटाइमचं लिहिशीन ना?" झालं! तिथून जी गाडी सुटली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. वही कोरीच राहिली.

दहा-बारा माणसं रोज एका जागी घाम गाळायला लागली की किस्से साचतात. आमच्याकडं ते ट्रॉफ्यांपेक्षा लवकर साचले. ट्रॉफी एकच आहे. तीही "उत्कृष्ट शिस्त" या सदरात मिळालेली, आणि ज्या मॅचनंतर मिळाली तिच्यात आम्ही सव्वीस पॉइंटनं हरलो होतो.

तर मी मंजू. गाव बोरी अरब. टीममध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं न्यायचा आणि बरी जागा दिसली की दुसरीला द्यायचा. क्लब पांढरकवड्याचा, बास्केटबॉलचा, बायकांचा, आणि पगारी. यातला शेवटचा शब्द लोकांना सगळ्यात जास्त खटकायचा.

*

क्लब निघाला तो टायर फुटल्यामुळं.

हैदराबाद रोडवर रत्नाकाकूंचं टायरचं दुकान आहे. ट्रकवाले त्यांना काकूच म्हणतात, म्हणून आम्हीही काकू. विदर्भात बायकांची पगारी लीग सुरू करायला निघालेले एक साहेब गावोगाव टीम शोधत हिंडत होते. त्यांच्या कारचं मागचं टायर नेमकं दुकानापुढं फुटलं. तिथं आमचे ढोके सर बसलेले. सर शाळेतून रिटायर झालेले पीटी टीचर. तीस वर्षं पोरींना बास्केटबॉल शिकवला, आणि दर वर्षी दहावी झाली की पोरी आणि बॉल दोन्ही गायब झालेले पाहिले.

स्टेपनी बसेपर्यंत साहेबांनी सरांना लीग समजावून सांगितली. पोरी मिळतील, मालक मिळेल का, असा प्रश्न होता. काकू खाली बसून नट आवळत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मी घेतो टीम."

साहेब म्हणाले, "तुम्हाला बास्केटबॉल येतो?"

"नाही."

"मग टीम कशी चालवणार?"

काकूंनी शेवटचा नट आवळला आणि उठल्या. "माहे मालक गेले, तवा मले टायरही येत नव्हते."

साहेबांनी तिथल्या तिथं फॉर्म काढला.

*

वैशाली आमची सेंटर. सहा फूट एक इंच. राजूरची. तिचे वडील कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले, आणि खाणीत असताना युनियनचं काम केलेले. करारावर सही करायची वेळ आली तेव्हा या काकांनी चष्मा लावला आणि चौदाही पानं वाचली. आम्ही बाकीच्या तोवर सह्या करून समोसे खाऊन मोकळ्या झालो होतो.

"याच्यात ओव्हरटाइमचं काही लिहिलेलं नाही," काका म्हणाले.

सर म्हणाले, "काका, मॅच बरोबरीत सुटली तरच ओव्हरटाइम होतो. पाच मिनिटांचा खेळ राहते."

"पाच मिनिटं असो का पाच तास. ओव्हरटाइमले डबल लागते."

"तसा नियम नाही, काका."

"खाणीतही नव्हता. आम्ही आणला."

काकूंनी दोघांकडं पाहिलं आणि कराराच्या शेवटी पेनानं एक ओळ वाढवली. डबल!

त्या सीझनला आमच्या चार मॅच ओव्हरटाइममध्ये गेल्या. सरांचा आमच्यावरचा संशय अजून गेलेला नाही.

*

टीमचं पहिलं नाव होतं टिपेश्वर टायगर्स. अभयारण्य जवळ, नाव झोकदार, टी-शर्टवर छातीभर वाघ छापून आला. पहिली मॅच जिंकलो, पेपरात फोटो आला.

दोन दिवसांनी अभयारण्याच्या बाजूच्या खेड्यांतली पाच-सहा माणसं दुकानात आली. टोप्या काढून बसली. त्यातले एक म्हातारबाबा म्हणाले, "बाई, ते नाव काढून टाका. आम्ही तिकडं त्याचं नाव घेत नाही. घेतलं का येते तो."

सरांनी त्यांना शास्त्रीय दृष्टिकोन समजावला. दहा मिनिटं समजावला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमच्या पोरी जिंकल्या कोणत्या दिवशी?"

"रविवारी."

"माही गाय रविवारीच गेली."

काकूंनी नाव काढलं. पण टी-शर्ट छापून झालेले, नवे करायला वेळ नव्हता. काकूंनी जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापले आणि प्रत्येक वाघावर एक शिवून टाकला.

पुढच्या मॅचला आम्ही मैदानात उतरलो तर समोरच्या पब्लिकनं आमच्या छातीकडं पाहिलं आणि कोरसमध्ये सुरू केलं, "पंक्चर! पंक्चर!" वैशाली रडायच्या बेतात. मी काकूंकडं पाहिलं, तर त्या खूश!

"काकू, हसून राह्यले ना ते आपल्याले!"

"हसू दे. येवढी जाहिरात मी आजवर केली नव्हती."

क्लबचं कागदावरचं नाव आज वेगळं आहे. ते मला विचारू नका. आमच्यातल्या कोणालाच ते पूर्ण पाठ नाही.

*

बॉलमधली हवा हे खातं पहिल्या दिवसापासून काकूंकडं.

पहिल्या दिवशी नवा बॉल मऊ लागत होता. काकूंनी तो दुकानात नेला, कॉम्प्रेसर लावला आणि परत आणला. मी तो एकदा जमिनीवर आपटला. बॉल माझ्या डोक्यावरून, मग बोर्डावरून, मग शाळेच्या टिनावरून गेला. बॉल परत आला नाही, आवाज तेवढा आला. म्हशीचा.

सर म्हणाले, "काकू, हवा किती भरली?"

"तीस. मोटरसायकलच्या मागच्या चाकाएवढी."

"आठ लागते, काकू."

"आठ? आठवर तर सायकल चालत नाही!"

पण त्या दिवसापासून त्यांच्या पर्समध्ये हवा मोजायचं मीटर आलं ते कायमचं. अमरावतीला मॅच होती. आमचे सगळे बॉल रिंगला लागून मेल्यासारखे खाली पडत होते. पहिल्या क्वार्टरनंतर काकू तडक स्कोअरच्या टेबलापाशी गेल्या. "हवा कमी आहे."

रेफरी म्हणाले, "मॅडम, आपण कोण?"

"टायरवाली."

काकूंनी बॉल मांडीवर घेतला, मीटर लावलं. पाच! रेफरींनी आपलं मीटर आणवलं. तेही पाच! बॉल बदलला. आम्ही मॅच तरीही हरलो, पण टेबलावरची सगळी माणसं त्या दिवशी काकूंशी उभं राहून बोलली.

मॅच संपल्यावर आमची गाडी अर्धा तास सुटली नाही. दोन्ही रेफरी काकूंकडून आपापल्या स्कूटरची हवा तपासून घेत होते.

*

वैशालीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मी राजूरला तिच्या घरीच होते.

मध्यस्थानं मुलाकडच्यांना "थोडी उंच आहे" एवढंच सांगितलं होतं. काकांनी खबरदारी म्हणून वैशालीला आधीच खुर्चीत बसवून ठेवलं. पाहुणे आले, चहा झाला, पोहे झाले, मुलगाही बरा वाटला. नोकरीचं विचारलं तर वैशालीनं "क्लबमध्ये सेंटर आहे" म्हणून सांगितलं. मुलाच्या वडिलांना ते झेरॉक्स सेंटर वाटलं. सगळं छान चाललं होतं. मग मुलाची आत्या म्हणाली, "जरा चालून दाखव, माय."

वैशाली उठली. काका जमिनीकडं पाहत होते.

मुलाच्या आईनं मुलाला विचारलं, हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "पोरगी अजून उठूनच राह्यली का?"

मुलगा सज्जन होता. म्हणाला, "नाही आई, आता झालं वाटते."

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. काका फोनवर म्हणाले, "अहो, आम्ही बौद्ध माणसं. आमच्याकडं पत्रिका आहे कोणाची?" तिकडून फोन ठेवला गेला.

वैशाली मला म्हणाली, "मंजे, शाळेतले माहे सगळे फोटो पाह्य. प्रत्येक फोटोत मी गुडघे वाकवून उभी आहे." एवढंच म्हणाली आणि बुटाची लेस बांधत बसली. ती लेस तिनं चार वेळा बांधली.

शनिवारी मॅच होती. समोरची पोरगी बॉल घेऊन आली की वैशालीचा हात वर जायचा आणि बॉल तिथूनच परत फिरायचा. एकीचाही बॉल तिनं सरळ रिंगपर्यंत जाऊ दिला नाही. तिसऱ्या क्वार्टरला समोरच्या पोरींनी तिच्या बाजूनं येणंच सोडून दिलं. आम्ही मोठ्या फरकानं जिंकलो.

सर काकांजवळ जाऊन बसले. हळूच म्हणाले, "काका, दर आठवड्याले एक स्थळ आणता येईन का?"

पुढं तिचं लग्न झालं. नवरा पाच फूट पाच. तो म्हणतो, "बरं आहे. बाजारात हरवत नाही."

*

आमच्या घरच्या मॅचना माइकवर गजूभाऊ. गजूभाऊ एरवी कापसाच्या बाजारात लिलाव पुकारतात. आवाज असा की माइक बंद पडला तरी कळत नाही.

बास्केटबॉलमध्ये फाउल झाला की समोरचीला रिंगपुढं एकटं उभं राहून बॉल टाकायला मिळतो. सगळे शांत राहतात. घरच्या पहिल्याच मॅचला पाहुण्या टीमची पोरगी अशी उभी राहिली, बॉल वर केला, आणि माइकवरून आवाज आला, "चौदाऽ... चौदा एक... चौदा दोनऽ..."

ती दचकली. 'तीन' व्हायच्या आत टाकायला पाहिजे असं तिला वाटलं असावं. घाईघाईनं टाकला. बॉल बोर्डालाही लागला नाही.

असं सहा वेळा झालं! शेवटी रेफरींनी मॅच थांबवून गजूभाऊंना समज दिली, की नुसता स्कोअर सांगायचा, बोली लावायची नाही. गजूभाऊ म्हणाले, "बरं. पण घाई त्याईची होती."

मग ते मॅचभर नुसता स्कोअर सांगत राहिले. मॅच संपली आणि मात्र त्यांना राहवलं नाही. "एक्केचाळीस एक... एक्केचाळीस दोन... एक्केचाळीस तीन! गेली! पाहुण्याईले गेली!"

हरलो तर आम्ही नेहमीच होतो. पण इतक्या अधिकृतपणे कधी हरलो नव्हतो.

*

माझे बाबा दोन वर्षं माझी मॅच पाहायला आले नाहीत. कापूस, तूर, सोयाबीन, काहीतरी कायम वेचायचं किंवा काढायचं असायचं. खरं कारण हाफ पॅन्ट. गावात कोणीतरी त्यांना पेपरातला फोटो दाखवला होता. बाबांनी तो पेपर घडी करून खिशात घातला.

मग एक दिवस एसटीनं आले. सोबत गावातले दोन जण. तिघं सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. मी त्या दिवशी जीव तोडून खेळले. माझ्या हातून बॉल सुटला की वैशालीच्या हातात, तिच्या हातून रिंगमध्ये. माझं स्वतःचं एकही बास्केट नाही, पण टीमची निम्मी बास्केटं माझ्या पासवरची. सर म्हणाले, तुझी आजवरची बेस्ट मॅच.

बाबांचा चेहरा उतरलेला. बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुले कोणी दम देऊन राह्यलं का?"

"नाही बाबा. काहून?"

"मंग बॉल हातात आला का दुसरीले काहून देऊन टाकते? एकदाही तू टाकला नाही. घरी भावाले पेरूची फोड देत नव्हती तू!"

मी त्यांना पॉइंट गार्ड म्हणजे काय ते समजावलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सगळ्याईले तुह्याकडून भेटते?"

"हो."

"अन् तू नसली तर?"

"तर बॉल पुढं जातच नाही."

त्यांनी पिशवी उचलली. एसटीत बसले. पुढच्या महिन्यात मी गावी गेले तर चौकातल्या पानठेल्यावरून आवाज आला, "आली का वो दानशूर?"

हाफ पॅन्टबद्दल मात्र पुन्हा कोणी विचारलं नाही.

*

आता ते नागपूरवाल्या मॅचचं.

लीगचा नियम असा, की मॅच सुरू होताना पाच जणी मैदानात पाहिजेत. नसल्या तर मॅच गेली, आणि वरून त्या टीमचं नाव लीगमधून कमी. ती मॅच आमच्याच मैदानावर, दुपारी चारला. त्याच दिवशी नेमकी पोलीस भरतीची मैदानी चाचणी लागली. आमच्या चौघी तिकडं गेलेल्या. त्यांना अडवायचं कसं, आणि कोणत्या तोंडानं? तिघी तापानं झोपलेल्या. एकूण अकरा पोरी. उरलो चार.

नागपूरची टीम बसमधून उतरून वॉर्मअप करत होती. सर यादी हातात घेऊन उभे होते. यादीत बारा नावं. बारावं नाव सरांनी सीझनच्या सुरुवातीला रकाना रिकामा दिसू नये म्हणून भरलं होतं.

सर म्हणाले, "काकू, तुमचं नाव आहे याच्यात."

काकूंनी साडीच्या निऱ्या वर खोचल्या आणि आमच्यातलाच एक टी-शर्ट ब्लाउजवरून चढवला. पायात वैशालीचे जुने बूट. टाचेकडं कापड कोंबलं.

रेफरींनी यादी पाहिली, काकूंना पाहिलं, पुन्हा यादी पाहिली. "या प्लेयर आहेत?"

"बारा नंबर," सर म्हणाले.

"वय?"

"फॉर्मवर वयाचा रकाना नाही."

कुंपणाबाहेर अर्धं गाव जमलं होतं. ज्यांनी ट्यूबचे तुकडे पाहून "पंक्चर! पंक्चर!" केलं होतं, ते पहिल्या रांगेत. काकू मैदानात आल्या तेव्हा ते हसले. काकूंनी तिकडं पाहिलं नाही. ट्रकची चाकं उचलणारे हात त्यांनी साडीला पुसले.

"काकू, तुम्ही काही करू नका," सर म्हणाले. "आपल्या रिंगखाली उभ्या राहा फक्त." त्या उभ्या राहिल्या. आम्ही चौघी पळालो. पहिल्या हाफला पाच पॉइंटनं मागं होतो. फक्त पाच!

हाफटाइमनंतर बाजू बदलतात. सरांनी काकूंना हाताला धरून पलीकडच्या रिंगखाली नेलं. त्यांनाही आता जोर चढला होता. म्हणाले, "काकू, आता इथं. जिंकेपर्यंत इथून हलाचं नाही."

काकूंनी मान डोलावली.

तिसऱ्या क्वार्टरला नागपूरची सगळ्यात जोरदार पोरगी बॉल घेऊन सुसाट आत आली. तिला वाटलं, ही बाई बाजूला होईल. कोणालाही वाटलं असतं. ती सरळ काकूंवर आदळली आणि आडवी झाली. काकू तसूभर हलल्या नाहीत. शिट्टी वाजली. फाउल नागपूरचा! जागेवर उभ्या असलेलीवर येऊन आदळलं की फाउल येणाऱ्याचा, असा नियमच आहे. कुंपणाबाहेरचं हसणं तिथं थांबलं.

काकूंनी आहे तिथूनच वाकून तिला हात दिला. "लागलं का, माय?"

त्यानंतर आत येणारी प्रत्येक जण रिंगजवळ आली की दबकायची. आम्ही एक एक करत जवळ आलो. शेवटच्या मिनिटाला एक पॉइंट मागं. मी वैशालीला बॉल दिला, तिनं टाकला. बॉल रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला.

संपलं. एका पॉइंटनं गेलो. पण नाव लीगमध्ये राहिलं. नागपूरच्या पोरींनी येऊन हात मिळवले, रेफरींनी शीटवर सही केली, लोक सायकली काढायला लागले. वैशाली जमिनीवर बसून राहिली होती. मी पाण्याची बाटली तिच्या डोक्यावर ओतली.

मग आमच्या लक्षात आलं. काकू रिंगखालीच. दोन्ही पाय रोवून, कंबरेवर हात ठेवून.

सर त्यांच्याजवळ गेले. "काकू, चला. मॅच संपली."

"जिंकलो का?"

"नाही, काकू. एका पॉइंटनं गेली."

"तुम्ही काय म्हणलं होतं?"

सर म्हणाले, "जिंकेपर्यंत हलाचं नाही."

काकू म्हणाल्या, "मंग?"